भुर्दंड कुणाच्या माथी?

२०१५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या अनेक दुकानांच्या गल्ल्यावर एक विचित्र दृश्य दिसत असे. कार्डाचे यंत्र नवेकोरे, त्याच्या खालच्या बाजूला चिपचे कार्ड खोचण्यासाठी फट आणि त्या फटीत कोंबलेला पुठ्ठ्याचा तुकडा. कुठे पुठ्ठ्याऐवजी चिकटपट्टी, तर कुठे हाताने लिहिलेली चिठ्ठी: चिप अजून सुरू नाही, कार्ड घासा. ग्राहकाच्या हातात बँकेने नुकतेच पाठवलेले सोनेरी चौकोनाचे कार्ड असे. ते वाचणाऱ्या यंत्रावर दुकानदाराने पैसेही खर्च केलेले असत. तरी व्यवहार व्हायचा तो जुन्याच रीतीने, काळी पट्टी खाचेतून ओढून.

कार्ड आहे, यंत्र आहे, मग अडले कुठे? तंत्रज्ञानात तर नाहीच. फ्रान्समध्ये चिपचे कार्ड रुळून तोवर वीस वर्षे उलटली होती. खरी गोम हिशेबात होती. बनावट कार्ड दाखवून कोणी माल उचलून नेला, तर बुडालेले पैसे कोणाचे, बँकेचे की दुकानदाराचे? अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला बदलले आणि लाखो दुकानांची धावपळ उडाली. कार्डाच्या सुरक्षेचा इतिहास यंत्रांचा म्हणून सांगितला जातो, पण दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर तो भुर्दंड एकाच्या खात्यावरून दुसऱ्याच्या खात्यावर सरकवण्याचा इतिहास आहे.

काळ्या पट्टीचा जन्म १९६० च्या दशकातला. आयबीएमचे अभियंते फॉरेस्ट पॅरी यांना प्लास्टिकच्या ओळखपत्रावर चुंबकीय फीत बसवायची होती, पण गोंदाने काम नीट होईना. घरी इस्त्री करत असलेल्या त्यांच्या पत्नी डोरोथिया यांनी सुचवले की ती इस्त्रीनेच चिकटवून पाहा, आणि फीत बसली, असे सांगितले जाते. ही फीत आणि गाण्यांच्या कॅसेटमधली फीत यांचे तत्त्व एकच. तिच्यावर कार्डाचा क्रमांक, खातेदाराचे नाव, मुदत, तीन आकडी सेवा-संकेतांक आणि पडताळणीचे काही अंक नोंदलेले असतात. ही नोंद कधीच बदलत नाही. आज घासा, उद्या घासा, यंत्राला तीच माहिती मिळते. त्यामुळे जे यंत्र पट्टी वाचू शकते, ते तिची नक्कलही करू शकते. हॉटेलातल्या कोणी खिशातल्या छोट्या उपकरणातून कार्ड एकदा ओढले की काम फत्ते. कोऱ्या कार्डावर ती माहिती उतरवली की दुकानातल्या यंत्राला अस्सल आणि नक्कल यांतला फरक कळत नाही.

चिपचे कार्ड फटीत खोचल्यावर पडद्यावर ‘कार्ड काढू नका’ एवढेच दिसते, पण त्या काही सेकंदांत आत बरेच घडत असते. चिपला स्वतःची बॅटरी नसते. सोनेरी चौकोनावरच्या बारीक पट्ट्यांपैकी एकीतून यंत्र तिला वीज पुरवते, दुसरीतून घड्याळाचे ठोके, तिसरीतून माहितीची देवघेव होते. चिप जागी झाली की आपण कोणत्या नेटवर्कचे ते सांगते: व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे. मग ती आपले नियम पुढे करते. आधी पिन मागा, पिन जमत नसेल तर सही घ्या, अमुक रकमेच्या आत काहीच मागू नका, असे ते नियम बँकेने आधीच लिहून ठेवलेले असतात. शेवटी यंत्र चिपला रक्कम, तारीख, चलनाचा संकेतांक (रुपयासाठी ३५६) आणि त्या क्षणी स्वतः काढलेला एक कसलाही क्रम नसलेला आकडा देते. चिप त्यात आपला व्यवहार-क्रमांक मिसळते. हा क्रमांक दर व्यवहाराला वाढत जातो. या साऱ्यावर आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने गणित करून चिप एक सांकेतिक उत्तर काढते आणि यंत्र ते बँकेकडे पाठवते. बँकेकडेही किल्ली असते. तेच गणित करून तेच उत्तर आले, तरच कार्ड खरे.

किल्ली चिपमधून कधीच बाहेर पडत नाही आणि निघालेले उत्तर त्या एका व्यवहारापुरतेच चालते. कोणी वाटेत ते टिपून ठेवले, तरी पुढच्या खरेदीला ते कवडीमोल असते. चिपमध्ये साठवलेले पडताळणीचे अंकही पट्टीवरच्या अंकांपेक्षा मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. चिपमधून चोरलेल्या माहितीवरून पट्टीचे कार्ड बनवले, तर बँकेला ते ओळखता यावे म्हणून ही तजवीज. पट्टीवरचा सेवा-संकेतांक २ किंवा ६ ने सुरू होत असेल, तर कार्डाला चिप आहे हे यंत्राला कळते. म्हणूनच असे कार्ड घासले की यंत्र ‘चिप वापरा’ म्हणून अडून बसते.

फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी १९७४ मध्ये चिपच्या कार्डाचे पेटंट घेतले. १९८० च्या दशकात तिथे टेलिफोन कार्डांत चिप आली आणि १९९२ अखेरपर्यंत सगळ्या फ्रेंच बँक कार्डांत ती बसली. पण फ्रान्सची चिप फ्रान्सपुरती होती. एका देशाचे कार्ड दुसऱ्या देशात चालावे म्हणून युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या तीन कंपन्यांनी १९९० च्या दशकात एक सामाईक नियमावली तयार केली. तीच ईएमव्ही. तिची देखरेख करणारी ईएमव्हीको ही संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली.

ब्रिटनने ही नियमावली पद्धतशीरपणे राबवली. मे २००३ मध्ये नॉर्दम्प्टन शहरात चाचणी झाली. तिथले दुकानदार आणि ग्राहक यांच्याकडून चार आकडी पिनचा सराव करून घेतला आणि मग देशभर यंत्रे बसली. १ जानेवारी २००५ पासून नियम असा की, चिपचे यंत्र नसलेल्या दुकानात बनावट कार्ड खपले, तर नुकसान दुकानाचे. १४ फेब्रुवारी २००६ पासून दुकानात सहीऐवजी पिन सक्तीचा झाला. तारखांचा क्रम पाहण्यासारखा आहे. ग्राहकावर सक्ती होण्याच्या वर्षभर आधी दुकानदाराच्या खिशाला हात घातला गेला होता.

अमेरिका मात्र जागची हलली नाही. तिथे टेलिफोनच्या तारा स्वस्त आणि भरवशाच्या होत्या, त्यामुळे प्रत्येक व्यवहार तिथल्या तिथे बँकेला विचारून मंजूर करणे परवडत होते. युरोपात फोन महाग, म्हणून बँकेला न विचारताही कार्ड पारखता येईल अशा चिपची गरज मोठी. शिवाय अमेरिकेत बनावट कार्डाचे नुकसान बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेवर पडे आणि बँका ते दुकानदारांकडून मिळणाऱ्या शुल्कातून भागवत. नवी यंत्रे घ्यायची दुकानदाराने आणि फायदा व्हायचा बँकेचा, मग पुढाकार कोण घेणार? सगळे जग चिपकडे वळत गेले, तसे भामट्यांनी आपले बस्तान पट्टी चालणाऱ्या देशात हलवले. ब्रिटिश कार्डांच्या पट्टीच्या नकलाही अमेरिकेत खपवल्या जाऊ लागल्या.

मग २०१३ चा नाताळ आला.

टार्गेट ही अमेरिकेतली महाकाय दुकानसाखळी. तिला वातानुकूलन आणि शीतकरणाची कामे करून देणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड चोरून भामटे तिच्या जाळ्यात शिरले आणि तिथून थेट गल्ल्यावरच्या यंत्रांपर्यंत पोचले. कार्ड घासल्यावर त्याची माहिती यंत्राच्या स्मृतीत क्षणभर उघडी असते, तेवढ्यात ती टिपून घेणारा प्रोग्रॅम त्यांनी तिथे बसवला. २७ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या ऐन खरेदीच्या हंगामात सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती बाहेर गेली. शिवाय ७ कोटी ग्राहकांचे पत्ते, फोन असे तपशीलही चोरीला गेले. कंपनीने काही महिन्यांपूर्वीच घुसखोरी पकडणारी महागडी यंत्रणा बसवली होती. ‘ब्लूमबर्ग बिझनेसवीक’च्या वृत्तानुसार ३० नोव्हेंबरला तिने धोक्याची सूचना दिलीही होती. कंपनीच्या बंगळुरूतल्या सुरक्षा पथकाने ती पाहून मिनिआपोलिसच्या मुख्यालयाला कळवले, पण तिथे कोणी हालचाल केली नाही. मे २०१४ मध्ये कंपनीचे प्रमुख ग्रेग स्टाइनहाफेल यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये ४७ राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपनीला १ कोटी ८५ लाख डॉलर मोजावे लागले. २०१४ मध्येच होम डेपो या दुसऱ्या साखळीतून ५ कोटी ६० लाख कार्डांची माहिती चोरीला गेली.

कार्डे चिपची असती तर टार्गेटची चोरी टळली असती का? चोरी टळली नसती, चोरीचा माल मात्र बराचसा निकामी झाला असता. कार्डाचा क्रमांक आणि मुदत तेव्हाही यंत्राच्या स्मृतीतून हाती लागली असती, पण त्यावरून दुसऱ्या दुकानात चालेल असे बनावट कार्ड तयार करता आले नसते.

व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी तारीख आधीच जाहीर केली होती, टार्गेटच्या प्रकरणानंतर ती गांभीर्याने घेतली गेली. १ ऑक्टोबर २०१५ चा नियम हा सरकारी कायदा नव्हता. तो कार्ड कंपन्यांच्या करारातला बदल होता आणि त्याचे सार एका वाक्यात सांगता येते: बनावट कार्डाच्या व्यवहारात ज्याचे साधन मागासलेले, भुर्दंड त्याचा. ग्राहकाला बँकेने चिप दिली आहे आणि दुकानात चिपचे यंत्र नाही, तर दुकानदार भरणार. दुकानात यंत्र आहे, पण बँकेने चिपच दिलेली नाही, तर बँक भरणार. दोघांकडे चिप असेल, तर पूर्वीप्रमाणे बँक.

यावर दुकानदाराने यंत्र विकत घेतले की झाले, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिथूनच रखडपट्टी सुरू झाली. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानात कार्डाचे यंत्र सुटे नसते. बिल करणारे सॉफ्टवेअर, मालाचा साठा, सवलतीची कुपने यांच्याशी ते जोडलेले असते. चिप सुरू करायची तर ही सगळी साखळी नव्याने तपासून, पैसे गोळा करणाऱ्या बँकेकडून आणि कार्ड नेटवर्ककडून तिचे प्रमाणपत्र घ्यावे लागे. त्यासाठी महिनोन् महिने रांग लागली. त्यातच २०१० च्या एका कायद्यानुसार प्रत्येक डेबिट कार्डाला किमान दोन स्वतंत्र नेटवर्कांचा पर्याय ठेवणे बंधनकारक होते. चिपमध्ये हा पर्याय कसा बसवायचा याचा वाद मिटेपर्यंतच बराच काळ गेला. आणि तारीख ठरली ती १ ऑक्टोबर. थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या तोंडावर कोणताही मोठा दुकानदार आपल्या संगणकांना हात लावत नाही, दिवाळीच्या आठवड्यात आपल्याकडचा कापड दुकानदार दुकानाचे नूतनीकरण काढत नाही तसाच. अनेकांनी यंत्रे बसवली आणि चिप सुरू करणे नव्या वर्षावर ढकलले. फटीतला पुठ्ठा आला तो असा.

या मधल्या काळात भुर्दंड मात्र सुरू झाला होता. फ्लोरिडातल्या बी अँड आर सुपरमार्केट या छोट्या साखळीने मार्च २०१६ मध्ये कार्ड कंपन्या आणि बँकांवर खटला भरला. यंत्रे आम्ही वेळेत बसवली, पण प्रमाणपत्र तुम्ही देत नाही आणि बनावट कार्डांचे पैसे आमच्याकडून वसूल करता, अशी त्यांची तक्रार होती.

वॉलमार्टची तक्रार निराळी. अमेरिकी बँकांनी चिप आणली, पण तिच्या जोडीला पिन न देता बहुतेक ठिकाणी जुनी सहीच ठेवली. ग्राहक पिन विसरेल, वैतागेल आणि दुसऱ्या बँकेचे कार्ड वापरेल, ही त्यामागची भीती. उपाहारगृहांची अडचण वेगळीच होती. तिथे वेटर कार्ड घेऊन आत जातो आणि टिपची रक्कम बिलावर नंतर चढते. पिन हवा, तर यंत्र टेबलापर्यंत न्यावे लागणार. पण चिप फक्त कार्ड खरे असल्याची खात्री देते, ते धरणारा हात खऱ्या मालकाचा आहे याची खात्री पिन देतो. हरवलेले किंवा चोरलेले चिपचे कार्ड सहीवर सहज चालते. त्यामुळे डेबिट कार्डाला पिन सक्तीचा करू द्या, म्हणून वॉलमार्टने मे २०१६ मध्ये व्हिसाला न्यायालयात खेचले. पिनचा व्यवहार दुकानदाराला स्वस्तही पडत असे, हेही त्यामागचे एक कारण होते. एप्रिल २०१८ मध्ये चार प्रमुख कार्ड कंपन्यांनी सहीची अट काढून टाकली, पण तिच्या जागी पिन आणला नाही. सहीकडे तसेही कोणी पाहत नव्हते.

गल्ल्यावरच्या मंडळींना तेव्हा छळणारा प्रश्न होता वेळेचा. कार्ड घासायला क्षणभर पुरे, चिपला मात्र सुरुवातीला दहा-पंधरा सेकंद लागत. मागे रांग, ग्राहक चुळबुळतो, कार्ड अर्ध्यात उपसतो, व्यवहार रद्द, पुन्हा पहिल्यापासून. नाहीतर बिल होईपर्यंत कार्ड फटीतच विसरून जातो. म्हणून कार्ड काढण्याची आठवण करून देणारा कर्कश आवाज यंत्रांत आला. बँकेचे उत्तर येईपर्यंत कार्ड आत अडकवून न ठेवता, चिपने आपले सांकेतिक उत्तर दिले की लगेच ते काढू देणारी ‘क्विक चिप’ पद्धत व्हिसाने २०१६ मध्ये आणली. मालाचे बिल पूर्ण होण्याआधीच कार्ड खोचून काढता येऊ लागले आणि रांगा पुन्हा हलू लागल्या.

सर्वांत मागे राहिले पेट्रोल पंप. तिथे कार्डाचे यंत्र पंपाच्या पोटातच बसवलेले असते. ते बदलायचे म्हणजे पंप उघडायचा, प्रसंगी अख्खा पंप बदलायचा, जमीन खणून नव्या तारा टाकायच्या. म्हणून पंपांना आधी ऑक्टोबर २०१७ ची, मग ऑक्टोबर २०२० ची आणि अखेर एप्रिल २०२१ ची मुदत मिळाली. तोवर भामट्यांनी तिथे हात मारून घेतला. एकाच बनावटीचे अनेक पंप एकाच किल्लीने उघडत. दार उघडून आत ब्लूटूथचे छोटे उपकरण बसवायचे आणि मग गाडीत बसून दिवसभराची कार्डे उतरवून घ्यायची. पंपमालकांनी पंपाच्या दारावर क्रमांकाच्या मोहोरपट्ट्या लावायला सुरुवात केली. पट्टी सोलली की तिच्यावर ‘रद्द’ अशी अक्षरे उमटतात.

एवढ्या खटाटोपाचे फळ मिळाले का? मिळाले. व्हिसाच्या आकड्यांनुसार, ज्या अमेरिकी दुकानांनी चिप सुरू केली, त्यांच्याकडची बनावट कार्डांची फसवणूक काही वर्षांत तीन चतुर्थांशांहून अधिक घटली. पण भामटे घरी बसले नाहीत. दुकानात डाळ शिजेना म्हटल्यावर ते ऑनलाइन गेले. तिथे चिपला खोचायला फटच नाही, कार्डाचा क्रमांक टाइप केला की पुरे. ब्रिटनमध्ये हे आधीच घडले होते. २००८ मध्ये तिथली कार्डांची एकूण फसवणूक सुमारे ६१ कोटी पौंडांवर गेली आणि तिच्यातला निम्म्याहून मोठा वाटा कार्ड समोर नसताना झालेल्या खरेदीचा होता. ऑनलाइन विक्रीत असा व्यवहार खोटा निघाला, तर भुर्दंड सहसा दुकानदाराचाच.

म्हणून जाणते दुकानदार चिपवर थांबले नाहीत, त्यांनी आणखी दोन थर चढवले. पहिला थर माहिती कुलूपबंद करण्याचा. कार्ड यंत्राला लागताच त्याचा क्रमांक यंत्राच्या आतच सांकेतिक रूपात बदलतो आणि तो उलगडण्याची किल्ली दुकानाच्या एकाही संगणकाकडे नसते. टार्गेटसारखा प्रोग्रॅम आत शिरला, तरी त्याच्या हाती अर्थहीन अक्षरे लागतात. दुसरा थर टोकनचा. माल परत घेणे, दर महिन्याची वर्गणी, नेहमीच्या ग्राहकाची ओळख यांसाठी दुकानाला कार्ड लक्षात ठेवावे लागते. तिथे खऱ्या क्रमांकाऐवजी त्या दुकानापुरताच चालणारा पर्यायी क्रमांक साठवतात. त्याचे तपशील ईएमव्हीकोने २०१४ मध्ये ठरवले आणि त्याच वर्षी आलेल्या अॅपल पेने ही पद्धत लोकांच्या खिशातल्या फोनपर्यंत पोचवली. सूत्र सोपे आहे: जे आपल्याजवळ नाही, ते आपल्याकडून चोरीला जात नाही.

यंत्राची राखण हा त्यातला सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या शेल कंपनीच्या पंपांवर चिप आणि पिनच्या यंत्रांशीच छेडछाड करून भामट्यांनी ग्राहकांच्या खात्यांतून दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम काढली. कंपनीला सुमारे ६०० पंपांवर ही सोय काही काळ बंद ठेवावी लागली. आताची यंत्रे उघडण्याचा प्रयत्न झाला की आतल्या किल्ल्या आपोआप पुसल्या जातात. पण अख्खे यंत्रच कोणी बदलून ठेवले, तर? म्हणून कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांत दुकानदारावर जबाबदारी टाकली आहे. प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक नोंदवून ठेवायचा, यंत्रे वेळोवेळी उलटसुलट करून पाहायची आणि ‘दुरुस्तीला आलोय’ म्हणणाऱ्याची खातरजमा केल्याशिवाय त्याच्या हाती यंत्र द्यायचे नाही.

चिपही अभेद्य नाही. २०१० मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की कार्ड आणि यंत्र यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसवला, तर कोणताही पिन दाबला तरी यंत्राला ‘पिन बरोबर’ असे भासवता येते. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये एका टोळीने चोरलेल्या कार्डांच्या चिपवर दुसरी चिप चिकटवून हीच युक्ती वापरली आणि सुमारे सहा लाख युरोंचा माल उचलला. बँकांनी तपासणीचे नियम कडक करून ती वाट बुजवली.

भारतात चिप आली ती वेगळ्या वाटेने. इथे नुकसान सरकवण्याची वाट पाहिली गेली नाही, रिझर्व्ह बँकेने सरळ आदेश काढले. ऑनलाइन खरेदीला कार्डाच्या क्रमांकाखेरीज दुसरा पुरावा हवा, हा नियम १ ऑगस्ट २००९ पासूनचा. आज रोजच्या व्यवहारात ओळखीचा झालेला ओटीपी त्यातूनच आला. डिसेंबर २०१३ पासून दुकानात डेबिट कार्डाला पिन सक्तीचा झाला. १ सप्टेंबर २०१५ पासून नवे कार्ड चिपचेच आणि जुनी पट्टीची कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलायची, असे ठरले. इथल्या दुकानदाराकडचे यंत्र बहुधा बँकेने दिलेले, सुटे आणि बिलाच्या संगणकाशी न जोडलेले. त्यामुळे चिपसाठी यंत्र बदलणे ही मुख्यतः बँकेची डोकेदुखी ठरली. दुकानदाराला नवी सवय तेवढी लागली. ग्राहकाला मात्र पिन म्हणजे काय हे पुरते उमगले नाही. यंत्र पुढे करण्याऐवजी गल्ल्यावरचा माणूस ‘पिन सांगा’ म्हणतो आणि ग्राहक रांगेतल्या चौघांसमोर चार आकडे मोठ्याने सांगतो, हे दृश्य आजही दुर्मीळ नाही.

आदेश निघाले आणि ते पुरते अमलात आले यांच्यामधल्या काळात तडाखेही बसले. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले आणि एकट्या स्टेट बँकेने सुमारे सहा लाख कार्डे बदलून दिली. एटीएम यंत्रणा सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या संगणकांत घुसखोरी झाली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला तर महाराष्ट्राला चांगलाच आठवतो. घुसखोरांनी बँकेच्या मंजुरी-यंत्रणेच्या जागी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली. ११ ऑगस्टला अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून आणखी अडीच कोटी. त्यातली काही रक्कम कोल्हापुरातल्या एटीएमवरूनही काढली गेली. १३ ऑगस्टला जवळपास १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींचा. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. कार्ड खरे की खोटे हे ठरवणारी बँकेची यंत्रणाच भामट्यांच्या ताब्यात गेली, तर कार्डावरची चिप काहीच करू शकत नाही, हे या प्रकरणाने दाखवले.

टोकनच्या बाबतीत मात्र भारत अनेक देशांच्या पुढे गेला. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क वगळता कोणत्याही दुकानाला किंवा अॅपला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, टोकनच ठेवावे लागते. पिनशिवाय नुसते कार्ड टेकवून पैसे देण्याची मर्यादा आधी २,००० रुपये होती, १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली.

छोट्या दुकानदाराने तर कार्डाच्या यंत्राला वळसाच घातला. यंत्राचे भाडे, रोलचा कागद, वर प्रत्येक विक्रीमागे बँकेचा आकार. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या दुकानाला २०१८ पासून डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.४० टक्के आकार, क्रेडिट कार्डाला त्याच्या कितीतरी पट. किराण्यातल्या तुटपुंज्या नफ्यात हे बसत नाही. मग ‘कार्डाला दोन टक्के जादा’ असे सांगितले जाते. डेबिट कार्डाचा हा आकार ग्राहकावर टाकायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तरी ते चालते. २०१६ मध्ये यूपीआय आले. जानेवारी २०२० पासून त्यावरचा आणि रुपे डेबिट कार्डावरचा आकार शून्य झाला आणि भाजीच्या गाड्यावरही क्यूआर लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार प्रथमच १,००० कोटींवर गेले.

धोका इथेही रूप बदलून आला. गर्दीच्या वेळी मोबाइलवर जुन्या किंवा बनावट व्यवहाराचे चित्र दाखवून माल नेणारे भेटू लागले. दुकानाच्या क्यूआरवर रातोरात स्वतःचा क्यूआर चिकटवणारेही निघाले. त्यावर उपाय ठरली ती ‘अमुक रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने सांगणारी पेटी. पैसे खरोखर दुकानाच्या खात्यात आले तरच ती बोलते. वाण्याने तराजूवरची नजर न काढता व्यवहाराची खातरजमा होते.

पट्टीचे दिवसही आता मोजलेले आहेत. मास्टरकार्ड २०२९ पासून पट्टी असलेली नवी कार्डे देणार नाही आणि २०३३ पर्यंत ती पूर्णपणे हद्दपार करणार आहे. दुकानदाराने तोवर एवढे तरी पाळावे: यंत्रांची यादी ठेवावी, चिप असलेले कार्ड घासू नये, आणि पिन ग्राहकालाच दाबू द्यावा. भुर्दंडाचा नियम ग्राहकालाही लागू आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना यंत्रणेतल्या त्रुटीमुळे खात्यातून पैसे गेले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर नुकसान ग्राहकाचे नाही. चार ते सात दिवस लागले, तर खात्याच्या प्रकारानुसार काही रक्कम सोसावी लागते. आणि पिन किंवा ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे. म्हणून बँकेचा संदेश आला की लगेच वाचा आणि काही खटकले तर त्याच दिवशी बँकेला कळवा, १९३० या सायबर मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवा.